गप्पांसाठी एकवीस किलोमीटर

पावसाळा उतरणीला लागला की एखाद्या शनिवारी सकाळी पुणे-सातारा रस्त्यावर एका विशिष्ट जातीच्या मोटारी दिसू लागतात. आत चार माणसं, मागच्या काचेपाशी केळ्यांची फणी, प्रत्येकाच्या मांडीवर पाण्याची बाटली, आणि दोन दिवसांपासून ठरवून पाणी पीत राहिल्यामुळे दर अर्ध्या तासाला गाडी थांबवण्याची निकड. खेड-शिवापूरला टोल, मग खंबाटकीचा घाट, आनेवाडीला पुन्हा टोल, असं सुमारे ११० किलोमीटर गाडीत बसून ही मंडळी साताऱ्याला पोचतात, ती दुसऱ्या दिवशी पहाटे उठून २१ किलोमीटर पळण्यासाठी. मुंबईकरांचा गाडीतला प्रवास याच्या दुपटीहून मोठा. नोंदणीचे पैसे, पेट्रोल, हॉटेलची खोली हे सगळं धरलं तर दर किलोमीटरचा खर्च रिक्षाच्या मीटरच्या पुष्कळ वर जातो, आणि इथे पाय आपलेच वापरायचे असतात. हेच अंतर सिंहगड रस्त्याला किंवा ठाण्यातल्या कुठल्याही रस्त्याला फुकट पळता येतं. डांबर तिथेही डांबरच असतं. तरीही २०१२ पासून सातारा हिल हाफ मॅरेथॉनला हजारो माणसं जात आली आहेत, आणि वेळेत नोंदणी न झालेली माणसं वर्षभर हळहळत आली आहेत.

याचं कारण सरळ आहे. ही माणसं तिथे पळायला जातच नाहीत, पळण्याबद्दल बोलायला जातात. एकवीस किलोमीटर हे त्या गप्पांचं प्रवेशशुल्क आहे, आणि ते पायांतून वसूल केलं जातं. विधान थिल्लर वाटेल, पण पुरावे भक्कम आहेत, आणि त्यातला पहिला तर अडीच हजार वर्षांचा आहे.

इसवी सनापूर्वी ४९० साली मॅरेथॉनची लढाई व्हायची होती तेव्हा अथेन्सवाल्यांनी मदत मागायला एका धावपटूला स्पार्टाकडे पिटाळलं, असं हेरोडोटस सांगतो. अंतर सुमारे २४० किलोमीटर. गडी दुसऱ्या दिवशी पोचला. म्हणजे तोही गेला तो निरोप सांगायलाच. स्पार्टावाल्यांनी पौर्णिमेचं कारण सांगून वाटेला लावलं, ते सोडा. पण परत आल्यावर या गृहस्थानं जे सांगितलं ते आजच्या कुठल्याही धावपटूनं लक्षात ठेवावं. वाटेत डोंगरावर आपल्याला पॅन देव भेटला, त्यानं नावानं हाक मारली आणि अथेन्सचे लोक माझी आठवण का ठेवत नाहीत असं विचारलं, असं त्यानं सांगितलं. अथेन्सवाल्यांनी ते ऐकून घेतलं, इतकंच नाही, तर पुढे अक्रोपोलिसच्या पायथ्याशी पॅनचं स्थान उभारलं. इतके चांगले श्रोते त्यानंतर कोणत्याही धावपटूला मिळालेले नाहीत. लढाईनंतर मॅरेथॉनहून अथेन्सला धावत येऊन ‘आपण जिंकलो’ एवढंच बोलून कोसळणारा धावपटू ही त्यानंतर काही शतकांनी लेखकांनी घातलेली भर. पण तीही आपल्याच बाजूची साक्ष देते. एका वाक्यासाठी चाळीस किलोमीटर! त्याच्यात आणि आजच्या धावपटूत फरक दोनच: आजचा मरत नाही, आणि एका वाक्यावर थांबत नाही. (अंतराच्या शेवटच्या तुकड्याचं श्रेय मात्र ग्रीकांना देऊ नये. ४२.१९५ किलोमीटर हा आकडा १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये विंडसर किल्ल्यापासून स्टेडियममधल्या शाही कक्षासमोरपर्यंत शर्यत नेली त्यातून आला आणि १९२१ साली कायम झाला. साताऱ्याच्या यवतेश्वर घाटात आपण एकवीस किलोमीटरच्या वरचे जे ९७.५ मीटर दात-ओठ खाऊन पळतो, ते इंग्रज राजघराण्याच्या सोयीपायी.)

आता आक्षेप. पहिला अर्थातच आरोग्याचा. पळणं तब्येतीला चांगलं, हे मी नाकारत नाही. नाकारण्याइतका माझा दम टिकत नाही. पण जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोमदार व्यायाम सुचवते. तेवढा सोसायटीच्या फाटकापासून मारुतीच्या देवळापर्यंत ये-जा करून होतो. त्या शिफारशीत खंबाटकीचा उल्लेख नाही, शनिवारच्या मुक्कामाचा नाही, पहाटे चारच्या गजराचा तर नाहीच. उलट हाफ मॅरेथॉनची तयारी करणाऱ्याला धडधाकट माणसाला आयुष्यभर ठाऊक नसणारे अवयव भेटू लागतात. आयटी बँड, प्लान्टार फॅशिया, पिरिफॉर्मिस ही नावं तो नातेवाइकांच्या नावांइतक्या सहजपणे घेतो आणि त्यांच्या तक्रारीही तितक्याच तपशिलानं सांगतो. आरोग्य हवं असणाऱ्यानं घराजवळ पळावं. साताऱ्याला जावं ते दुखण्यांची तुलना करायला.

दुसरा आक्षेप स्पर्धेचा: शर्यत आहे, माणूस जिंकायला जातो. इथे आकडे पुरेसे बोलके आहेत. हाफ मॅरेथॉनचा जागतिक विक्रम ५७ मिनिटांच्या आसपासचा. आपल्या बीड जिल्ह्यातल्या अविनाश साबळेनं २०२० साली दिल्लीत हे अंतर एक तास आणि ३० सेकंदांत संपवलं. हौशी धावपटू अडीच तासांत आला तर पेढे वाटतो. म्हणजे सपाट रस्त्यावर साबळे पोचून, अंग पुसून, नाश्ता करून, घरी फोन लावतो तोवर आपला माणूस कसाबसा अर्ध्यावर आलेला असतो. जिंकण्याचा प्रश्न येतो कुठे? यावर धावपटूंचं ठरलेलं उत्तर असतं: ‘स्पर्धा दुसऱ्याशी नाही, स्वतःशी.’ वाक्य चांगलं आहे, टी-शर्टवर शोभतंही. पण मग साताऱ्याची निवड अनाकलनीय ठरते. स्वतःच्या जुन्या वेळेशी तुलना करायची तर सपाट, सरळ, थंड रस्ता हवा. इथे शहरातून निघून यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्याला लागायचं आणि अर्ध्या वाटेवरून वळून तोच घाट उतरायचा. या वेळेची तुलना दुसऱ्या कुठल्याही शर्यतीशी होऊच शकत नाही. आणि नेमकी हीच तिची थोरवी आहे. ‘दोन पंचेचाळीस लागले, पण हिल होती ना!’ या वाक्यातल्या ‘पण’साठी माणसं दोन टोल भरतात. सपाट शर्यतीत उशीर झाला तर तो उशीरच असतो. घाटात त्याची हकिगत होते.

निसर्गाचा आक्षेप फार वेळ घेणार नाही. कासचं पठार साताऱ्याहून सुमारे २५ किलोमीटर, आणि शर्यतीतलं वळण साडेदहा किलोमीटरच्या आसपास. म्हणजे तेरडा आणि सीतेची आसवं जिथे फुलतात तिथे पोचायच्या कितीतरी आधी हे सगळे पाठ फिरवून परत निघतात. वर सह्याद्रीतलं धुकं. चढावर माणसाला दिसतो तो पुढच्याच्या बुटाचा टाचेवर झिजलेला तळ, आणि तोही डोळ्यांत घाम उतरला म्हणून अंधुक.

तेव्हा खरा कार्यक्रम कधी असतो ते पाहायला हवं. तो शनिवारी दुपारी सुरू होतो, बिब घ्यायला रांग लागते तिथे. बिब म्हणजे छातीवर टाचायचा नंबराचा कागद, पाठीमागे वेळ मोजणारी चिप. तो मिळायला लागतात पाच मिनिटं, पण माणसं तिथून दोन-दोन तास हलत नाहीत. रांगेतला प्रत्येक जण दुसऱ्याला पहिली माहिती देतो ती ‘यंदा काही तयारीच नाही’ अशी. कोणाचा गुडघा, कोणाचं ऑडिट, कोणाच्या मुलाची परीक्षा, आणि पाऊस तर सगळ्यांचाच. एवढ्या बिनतयारीच्या माणसांना घाटात सोडणं हा प्रशासनाचा बेजबाबदारपणा ठरावा. मग विचारणा होते, ‘टार्गेट काय?’ उत्तर एकच: ‘टार्गेट वगैरे काही नाही, एंजॉय करायचं.’ हे सांगणाऱ्यानं दर किलोमीटरला किती मिनिटं, हे शाईच्या पेनानं मनगटावर लिहून ठेवलेलं असतं आणि त्यावर बाही ओढून घेतलेली असते. रात्रीच्या जेवणात, एरवी ज्या भातावरून घरात बोलणी खावी लागतात तोच भात कार्बो-लोडिंग या नावाखाली तिसऱ्यांदा वाढून घेतला जातो. मोज्यांच्या विणीवर, मिठाच्या गोळ्यांवर, सकाळी पोट साफ होण्याच्या वेळेवर, परक्या माणसांत इतकी मोकळी चर्चा महाराष्ट्रात दुसरीकडे कुठे होत असेल असं वाटत नाही. सभ्य समाजात जे विषय डॉक्टरपुढेही कुजबुजत काढावे लागतात, ते इथे पोह्यांच्या बशीवर निघतात आणि कोणी बशी बाजूला ठेवत नाही.

गप्पांचं महत्त्व या खेळाच्या शास्त्रालाही मान्य आहे. नवशिक्याला प्रशिक्षक काय सांगतो? ‘बोलता येईल इतक्याच वेगानं पळ.’ नाडी मोजू नको, घड्याळ पाहू नको. शेजारच्याशी पूर्ण वाक्यं बोलता येत असतील तर वेग बरोबर. दुसऱ्या कोणत्याही खेळाची मात्रा संभाषणावर ठरत नाही. कुस्तीच्या हौद्यात वस्ताद असं काही सांगत नाहीत. मोठ्या शर्यतींत पेसर नावाची एक व्यक्ती असते, हातात किंवा पाठीवर वेळेचा झेंडा. ठरलेल्या वेळेत लोकांना पोचवणं हे तिचं काम, पण प्रत्यक्षात ती निवडली जाते ती धावता धावता अखंड बोलण्याच्या ताकदीवर. यवतेश्वरच्या चढावर बाकीच्यांचं बोलणं हळूहळू तुटतं: आधी वाक्यांचे शब्द होतात, मग शब्दांचे हुंकार, मग तेही बंद. पण ही शांतता फसवी आहे. माणूस गप्प असला तरी मनात मजकूर जमवत असतो. कुठल्या वळणावर पोटरीत गोळा आला, कुठल्या शाळकरी पोरानं टाळी दिली, कुठे ढोल-ताशा ऐकून अंगात पुन्हा बळ आलं, याची नोंद चालू असते. जाऊन-येऊन एकच रस्ता असल्यानं वर जाणाऱ्याला खाली येणारे सगळे दिसतात. ओळखीचा माणूस आपल्या आधी खाली येताना दिसला की हात वर करून ‘भारी!’ म्हणायचं आणि आपण त्याच्यामागे का पडलो याची कारणं तिथपासूनच जुळवायला घ्यायची. वरून परत फिरेपर्यंत दोन-तीन तयार असतात.

अंतिम रेषेनंतर मग बांध फुटतो. गळ्यात मेडल पडतं, हातात केळं येतं, आणि ज्याला उभं राहता येत नाही तोही उभा राहून बोलतो. विषयांची कमतरता नसते, पण सर्वांत रसाळ विषय अंतराचा. ‘माझ्या घड्याळात २१.४ आलं.’ ‘माझ्यात २१.३५.’ ‘आयोजकांनी जास्त पळवलं.’ वास्तविक शर्यतीचा रस्ता जिथे रीतसर मोजतात तिथे सायकलच्या चाकाला मोजणी-यंत्र लावून, सर्वांत आखूड वाटेनं मोजतात, आणि अंतर चुकूनही कमी भरू नये म्हणून दर किलोमीटरला एक मीटर मुद्दाम जास्त धरतात. धावणारा माणूस ती आखूड वाट कधीच धरत नाही. तो पाण्यासाठी डावीकडे जातो, फोटोवाल्यासाठी उजवीकडे. शिवाय घाटात उपग्रहावर चालणारं घड्याळ नागमोडी वळणांवर गोंधळतं. हे सगळं सगळ्यांना ठाऊक असतं. तरी वाद दर वर्षी नव्यानं होतो, कारण तो मिटवणं कुणाच्याच हिताचं नाही. आणि मोजणी निमूटपणे मान्य केली तर न्याहारीला बोलणार कशावर?

इथे कोणी म्हणेल, गप्पाच मारायच्या तर व्हॉट्सअॅप आहे की. नाहीतर सरळ साताऱ्याला जाऊन, कंदी पेढे खाऊन, अजिंक्यताऱ्यावर बसून बोला. घाटात पळायची काय गरज? हा आक्षेप मला सगळ्यांत वजनदार वाटतो. त्याचं उत्तर आपल्या मध्यमवर्गाच्या स्वभावात आहे. आपल्याला सुख सकारण लागतं. पंचेचाळीस वर्षांचा गृहस्थ घरी ‘मित्रांशी बोलायला दोन दिवस साताऱ्याला जातो’ असं म्हणाला, तर ‘तब्येत बरी आहे ना?’ असं विचारलं जाईल. बाईनं तेच म्हटलं तर ‘आणि इथलं कोण बघणार?’ हा सासूचा प्रश्न वाक्य पुरं व्हायच्या आत येईल. पण ‘हाफ मॅरेथॉन आहे’ म्हटलं की तीच सासू उद्याच्या चारच्या गजराची चौकशी करते आणि डब्यात राजगिऱ्याचे लाडू देते. ज्या गोष्टीत कष्ट आहेत ती चैन असूच शकत नाही, हा आपला जुना हिशेब, आणि हाफ मॅरेथॉन त्यात चपखल बसते. त्रास असा की कोणी हसू नये, आणि इतकाही नाही की सोमवारी रजा टाकावी लागावी. बरोबरीच्या बायका-बायकांचा जो ग्रुप साताऱ्याला जातो त्यांच्यासाठी तर ते २१ किलोमीटर उरलेल्या सगळ्या वेळेचं परवानापत्र असतं. ते मिळवण्यासाठी घाट चढावा लागतो ही समाजाची शोभा नव्हे, पण परवाना खरा असतो.

आणि ही गोष्ट नुसती तर्काची नाही. २०२० साली तिची परीक्षा आपोआपच झाली. साथीमुळे शर्यती बंद पडल्या आणि जगभर आभासी शर्यती निघाल्या. बोस्टन आणि लंडनच्या मॅरेथॉनही त्या वर्षी हौशी धावपटूंसाठी तशाच झाल्या. अंतर तेच, वेळ मोजायची सोय तीच, मेडल पोस्टानं घरी. टोल नाही, रांग नाही, पहाटेची थंडी नाही. पळणं हाच हेतू असता तर ही सोय लोकांनी कायमची उचलून धरायला हवी होती. पार्किंगमध्ये फेऱ्यांवर फेऱ्या मारून मेडल स्वतःच्या हातानं स्वतःच्या गळ्यात घातल्यावर लोकांना एकदम कळलं की काहीतरी राहिलं आहे. शर्यती पुन्हा सुरू होताच माणसं परत गाड्यांत बसली आणि टोलनाक्यावर रांगा लागल्या. २०२० सालीच फ्रान्समध्ये एका माणसानं सात मीटर लांबीच्या बाल्कनीत येरझाऱ्या घालून पूर्ण मॅरेथॉन काढली. विलक्षण चिकाटी, पण मुद्दा हा की त्यानं ते समाजमाध्यमावर सांगितलं, म्हणून तर ते आपल्याला ठाऊक. गुपचूप बाल्कनीत पळालेली माणसं असतीलही. पण मला ती शक्यता कमी वाटते.

एकांताची बाजू मांडणारे मग हारुकी मुराकामीचं नाव घेतात. जपानचा हा कादंबरीकार अनेक दशकं एकटाच पळतो. १९८३ साली तो भर उन्हाळ्यात अथेन्सहून मॅरेथॉन गावापर्यंत एकटा पळत गेला. एकटा म्हणजे कसा? एका मासिकाच्या कामासाठी, आणि सोबत गाडीतून छायाचित्रकार. पुढे २००७ साली त्यानं धावण्यावर एक अख्खं पुस्तकही लिहिलं. ज्याला रविवारी घाटाखाली उभं राहून बोलायची सवय नाही, त्याला शेवटी पुस्तक लिहावं लागतं आणि जगातल्या अनेक भाषांमध्ये त्याची भाषांतरं व्हावी लागतात. आपल्या धावपटूंचं एका न्याहारीत भागतं, हे त्या मानानं पुष्कळ स्वस्त पडतं.

यात्रेचा मुद्दाही कोणी ना कोणी काढतोच: हीसुद्धा एक वारीच, फक्त बूट घातलेली. हे मला अजिबात मान्य नाही. वारकरी आळंदीहून पंढरपूरला चालत जातो आणि पोचल्यावर पावलं कमी भरली की जास्त याचा वाद घालत नाही. त्याला कोणी प्रमाणपत्र देत नाही, आणि दिलं तर तो ते फेसबुकवर टाकण्याआधी कोणाकडे तरी देऊन टाकील. वारी बोलण्यासाठी नसते. तिथे मुखी नाम असतं. आपल्याकडे मुखी आपलंच नाम असतं, वेळेसकट.

या सगळ्यात एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेता येत नाही. ज्यांच्यासाठी पळणं हे काम आहे, त्यांना माझा सिद्धांत लागू होत नाही. ज्या रस्त्यावर आपली मंडळी दर सेकंदाला घड्याळ पाहतात, त्याच साताऱ्यात इतर दिवशी पहाटे पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं-मुली पळत असतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. त्यातल्या सेकंदांवर नोकरी ठरते, आणि पायात बहुधा स्वस्तातले कॅनव्हासचे बूट असतात. सातारा जिल्ह्यातल्याच मोही गावची ललिता बाबर रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीपर्यंत गेली आणि दहावी आली. शंभर वर्षांपूर्वी पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर अनवाणी शेतकरी पोरं पळताना पाहून दोराबजी टाटांना भारताचा संघ ऑलिंपिकला पाठवावासा वाटला, आणि बेळगावचे फडेप्पा चौगुले १९२० साली अँटवर्पच्या मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. ही माणसं पळताना काय बोलली याची नोंद कुठे नाही, आणि त्याची जरूरही नाही. त्यांचं काम वेळ सांगायचं, आपलं काम वेळेबद्दल सांगायचं. दोन्ही एकाच रस्त्यावर होतं म्हणून ती एकच गोष्ट ठरत नाही, आणि बक्षिसाची रक्कम ठरवताना हा फरक आयोजकांनी लक्षात ठेवलेला बरा.

सोमवारी हा सगळा खटाटोप शेवटच्या अंकात शिरतो. चढापेक्षा उतार मांड्यांना जास्त छळतो, कारण स्नायू ताणले जात असतानाच भार पेलत असतात, आणि ही दुखण्याची लाट २४ ते ७२ तासांत सगळ्यांत वर पोचते. म्हणजे नेमकी कचेरीच्या वेळात. जिन्यावरून कठडा धरून, उलटं, एक एक पायरी उतरणाऱ्या माणसाला ‘काय झालं हो?’ असं विचारायचा धीर करू नये. विचारलं तर चहा थंड होईल. आत्याबाईंचा फोन आलाच तर त्या मात्र एकच विचारतील: ‘कितवा आलास?’ या प्रश्नाला धावपटूकडे उत्तर नसतं, आणि म्हणूनच त्याला पुढच्या वर्षीही साताऱ्याला जावं लागतं. तिथे भेटणाऱ्या हजारो माणसांपैकी एकही हा प्रश्न विचारत नाही. घरातला, कचेरीतला, सोसायटीतला श्रोतृवर्ग आधीच संपलेला असतो. शेवटचा ऐकणारा बहुधा वॉचमन. सातारा हा असा एकच बाजार आहे जिथे बोलणारे जितके, ऐकणारेही तितकेच, कारण प्रत्येक जण आपली पाळी येईपर्यंत खरंच ऐकतो.

एवढं मान्य झालं तर आयोजकांना एक विनंती करावीशी वाटते, साताऱ्याच्या आणि इतर सगळ्या. टी-शर्ट दरवर्षी देता, तो एखाद्या वर्षी नका देऊ. कपाटांत जागा उरलेली नाही आणि घरची फरशी पुसायलाही आता जुने पुरतात. त्या पैशांत अंतिम रेषेपलीकडे मोठा मांडव टाका, पंखे लावा, चहाची सोय दुपारपर्यंत ठेवा. खुर्च्या मात्र उंच आणि हातांच्या असाव्यात, कारण त्या दिवशी खाली सतरंजीवर बसलेला माणूस आपण होऊन उठत नाही. आणि ध्वनिक्षेपकावरचा निवेदक नऊनंतर बंद करा. तो बोलत राहिला तर बाकीच्यांनी बोलायचं कधी?